टेरियरचा सातबारा

भाचीने गेल्या पावसाळ्यात जॅक रसेल टेरियर या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. पांढरंशुभ्र, एका कानावर तपकिरी डाग आणि बसायचं कसं हेच माहीत नसलेलं. दोन दिवसांत त्याने सोफ्याचा एक कोपरा खणून आतला फोम बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन: "मामा, लॅब्राडोर हा प्रदेश आहे, पॉमेरेनियन प्रदेशावरून आलं, रॉटवायलर गावावरून. मग हा जॅक रसेल कोण? कुत्र्याला कुणाचं अख्खं नाव-आडनाव कसं काय?"

सोप्पं उत्तर असं की तो पाद्री होता. जॉन रसेल, जन्म 1795, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 च्या सुमारास, त्याला वाटेत एका दूधवाल्याजवळ एक पांढरी कुत्री दिसली. डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी ठिपके, शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा आणखी एक. तिथल्या तिथे त्याने ती विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. पुढे तो स्विमब्रिज नावाच्या खेड्यात चर्चचं काम बघू लागला, आणि उरलेला वेळ (खरं तर उलट म्हणायला हवं, चर्चला दिला तो उरलेला वेळ) घोड्यावर बसून कोल्ह्यांच्या मागे. बिशप वैतागत असे. रसेल मात्र 1883 साली मरेपर्यंत शिकारीतून सुटला नाही. ट्रम्पच्या वंशातून त्याने जे टेरियर वाढवले त्यांना लोक त्याच्या नावाने ओळखू लागले.

भाचीचं समाधान झालं. मी मात्र अडकलो, कारण रसेलच्या चरित्राच्या आसपास वाचत असताना 'टेरियर' हा शब्द एका भलत्याच जागी भेटला. इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीची, स्वतःची जमीन असे. तिच्या उत्पन्नावर पाद्र्याचं घर चाले. ती जमीन कुणी हळूच गिळू नये म्हणून तिची लेखी नोंद ठेवायची: कुठलं शेत, किती क्षेत्र, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, घर किती खणांचं, कुणाकडून काय येणं. 1604 च्या चर्चच्या नियमांत अशी नोंद ठेवणं सक्तीचं झालं. त्या कागदाचं नाव 'ग्लीब टेरियर'. म्हणजे रसेल ज्या व्यवसायात होता त्यात टेरियर दोन प्रकारचे: एक दप्तरातला, एक पायाशी बसलेला. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'टेरा'पासून, माती किंवा जमीन. एकात जमीन लिहिलेली, दुसरा जमिनीत घुसणारा.

हे वाचून मी हसत सुटलो, कारण माझे वडील तलाठी होते. आमच्या घरात कुत्रं कधी आलं नाही, पण जमिनीचा कागद जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. अण्णांची एक सवय होती. कुणी सातबारा घेऊन आलं की मालकाच्या नावाकडे ते आधी बघत नसत. नजर थेट खालच्या 'इतर हक्क' या रकान्यावर. बोजा काय आहे, कूळ कोण आहे, विहिरीत कुणाचा हिस्सा, वाट कुणाची. मालकाचं नाव काय, ते तर वर मोठ्या अक्षरांत आहेच, असं म्हणायचे. मी टेरियरांची नावं गेले काही महिने त्याच पद्धतीने वाचतो आहे.

टेरियर हे कामाचं नाव. कोल्हा, बिज्जू किंवा पाणमांजर बिळात शिरलं की मोठे हाउंड बाहेर भुंकत उभे राहतात, त्यांना आत जाता येत नाही. मग लहान छातीचं, आखूड पायाचं, भीती नावाची गोष्ट ठाऊक नसलेलं कुत्रं आत सोडायचं. त्याने आतल्या जनावराला बाहेर हुसकावायचं, नाहीतर भुंकत अडवून धरायचं, म्हणजे वरून माणसं कुदळ-फावडं घेऊन खणत येतील. 1570 साली जॉन कीज या डॉक्टराने ब्रिटनच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, त्यातही हे बिळात घुसणारे कुत्रे आहेत. त्या काळी एवढं पुरे होतं. गावागणिक वेगळं कुत्रं, पण सगळ्यांचं नाव टेरियर. बेडलिंग्टन, एअरडेल, नॉरिच, सीलीहॅम ही नावं चिकटली ती बहुतेक एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर, जेव्हा कुत्र्यांची प्रदर्शनं भरू लागली. 1873 साली लंडनला केनेल क्लब निघाला, वंशावळीची वही उघडली गेली, आणि वही म्हटली की तिच्यात नाव लागतं. कुणाचं, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

यॉर्कशायर टेरियर घ्या. केसांना रिबिन बांधून पर्समध्ये बसणारं ते इवलं कुत्रं यॉर्कशायरचं खरं, पण त्याचे आजे-पणजे स्कॉटलंडचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटिश विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांकडे आले, ते आपले छोटे टेरियर घेऊन. हातमाग मोडत चालला होता, गिरणीत उंदीर भरपूर होते. सुरुवातीला या कुत्र्यांना प्रदर्शनात 'स्कॉच टेरियर' म्हणूनच उभं करत. मग 1870 च्या सुमारास कुणीतरी वर्तमानपत्रात म्हटलं, इथे येऊन यांच्यात एवढी सुधारणा झाली आहे तर यांना यॉर्कशायर टेरियरच म्हणा. नाव बदललं. आज जगातले जवळजवळ सगळे यॉर्की ज्याच्यापर्यंत पोचतात तो हडर्सफील्ड बेन 1865 साली जन्मला आणि 1871 साली गाडीखाली येऊन मेला. सहा वर्षांच्या आयुष्यात त्याने एका जातीचा पाया घातला. विणकरांच्या कुत्र्याचे केस इतके लांब आणि रेशमी की लोक चेष्टेने म्हणत, हे मागावर विणलेले आहेत. त्या चेष्टेतच काय ते विणकर उरले. नावात नाहीत.

आणि त्यांच्यातल्या एका टोळीचं कुत्रं तर नावानिशी गेलं. ग्लासगोजवळच्या पेझली गावात विणकरांनी रेशमी केसांचा एक टेरियर वाढवला होता, पेझली टेरियर. हे तेच पेझली, जिथे काश्मिरी शालींची नक्कल मागावर विणून युरोपभर विकली गेली. आपण ज्या नक्षीला कोयरी म्हणतो, जी पैठणीपासून चादरीपर्यंत सगळीकडे आहे, तिला इंग्रजीत आजही या स्कॉटिश गावाचं नाव आहे. काश्मिरातल्या विणकराची नक्षी पेझलीच्या नावावर चढली, आणि पेझलीच्या विणकराचं कुत्रं यॉर्कशायरच्या नावावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेझली टेरियर ही जात संपली. शालींची फॅशन त्याआधीच गेली होती.

नद्यांच्या आणि दऱ्यांच्या नावाचे टेरियर बहुतेक असे कामगारांचे आहेत. एअरडेल म्हणजे यॉर्कशायरमधलं एअर नदीचं खोरं. टेरियरांमधला हा सगळ्यात उंच. गिरणीकामगारांनी आपल्या टेरियरात ऑटरहाउंडचं रक्त मिसळून तो केला, कारण नदीकाठच्या उंदरांवर आणि पाणमांजरांवर सोडायला पोहणारं कुत्रं हवं होतं, आणि रात्री जमीनदाराच्या रानातून ससा उचलून आणायला मुकाट्याने काम करणारं. आधी त्याला 'वॉटरसाइड टेरियर' म्हणत, मग 'बिंग्ली टेरियर'. बिंग्ली गावाचं नाव मागे पडलं आणि अख्ख्या खोऱ्याचं लागलं. पहिल्या महायुद्धात हीच कुत्री खंदकांतून निरोप वाहत होती.

एक टेरियर मात्र आपल्याकडे घरोघरी होता आणि त्याला टेरियर कुणी म्हटलं नाही. ब्रिस्टलला 1884 साली जन्मलेला निपर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा म्हणून निपर. मालक वारला तेव्हा त्याचा भाऊ, चित्रकार फ्रान्सिस बॅरो, याने त्याला सांभाळलं, आणि निपर मेल्यानंतर काही वर्षांनी फोनोग्राफच्या कर्ण्यात कान लावून बसलेलं त्याचं चित्र काढलं. 1899 साली ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेताना अट घातली की जुन्या यंत्राच्या जागी आमचा ग्रामोफोन रंगवा. तोच एचएमव्हीचा कुत्रा. आमच्याकडे नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर तो गोल गोल फिरायचा आणि आजी त्याला 'कुत्रा छाप' म्हणायची.

आता बेडलिंग्टन. याच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. दिसायला हे कुत्रं मेंढीच्या कोकरासारखं आहे, इतकं की पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी खालची ओळ पुन्हा वाचली. गाव नॉर्थम्बरलंडमधलं, कोळशाच्या खाणींचं. 1825 साली तिथल्या जोसेफ एन्सली नावाच्या माणसाने आपल्या कुत्र्याला बेडलिंग्टन टेरियर म्हटलं, तिथून नाव सुरू. पण त्याआधी तो 'रॉथबरी टेरियर' होता, आणि रॉथबरीच्या रानातला सगळ्यात जुना धागा जातो तो विली ॲलन या माणसापाशी. तो 1779 साली वारला. फिरत्या जमातीचा माणूस. फुटकी भांडी सांधायची, झाडू आणि टोपल्या करायच्या, पाइप हे वाद्य वाजवायचं, आणि पाणमांजरं मारायला कुणी बोलावलं की आपले टेरियर घेऊन जायचं. घर नाही, शेत नाही.

त्याच्या एका कुत्र्याची गोष्ट त्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्या वेळचा नॉर्थम्बरलंडचा ड्यूक त्या कुत्र्याच्या कामावर इतका खूष झाला की म्हणाला, कुत्रं मला दे, मी तुला एक छोटं शेत देतो, खंड द्यायचा नाही. विली ॲलन म्हणाला, तुमचं शेत तुमच्यापाशी राहू द्या. पाइप वाजवणाऱ्या माणसाने शेताचं करायचं काय? दुसऱ्या एका लॉर्डाच्या माणसाने चार्ली नावाच्या कुत्र्यासाठी तोंडाला येईल ती किंमत सांग म्हटलं, तेव्हाही त्याचं उत्तर असंच होतं: साहेबांची सगळी इस्टेट आणली तरी चार्ली मिळायचा नाही.

मी हे अण्णांच्या वहीत कुठे बसवायचं याचा बराच विचार केला. बिनखंडाचं शेत नाकारणारा माणूस त्यांनी नोकरीच्या उभ्या आयुष्यात पाहिला नसेल. गोष्टीला सांगणाऱ्यांनी मीठमसाला लावला असणार, हे गृहीत धरूनही ती मला टेरियरांच्या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडते. पण कुत्र्याला नाव लागलं ते आधी रॉथबरीचं, मग बेडलिंग्टनचं. विली ॲलनचं कधीच नाही.

जमीनदारांची नावं लावायला अर्थातच अडचण आली नाही. वेल्समधल्या पेंब्रोकशायरला कॅप्टन जॉन एडवर्ड्स याची सीलीहॅम नावाची इस्टेट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बिज्जूवर सोडायला पांढरे, आखूड पायांचे टेरियर तयार केले. ते झाले सीलीहॅम टेरियर. वेस्टीची, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरची, कथा जरा गुंतागुंतीची. स्कॉटलंडच्या आर्गाइलमध्ये पोल्टॅलॉक इस्टेटीचा कर्नल एडवर्ड माल्कम. सांगतात की त्याच्या लालसर टेरियराला कुणी चुकून कोल्हा समजून गोळी घातली, तेव्हापासून त्याने फक्त पांढरी पिल्लं ठेवायची ठरवलं. त्या कुत्र्यांना आधी 'पोल्टॅलॉक टेरियर' म्हणत. असंही सांगतात की जात घडवण्याचं श्रेय माझ्या एकट्याच्या नावावर नको, असं कर्नल म्हणाला, आणि मग 'वेस्ट हायलँड व्हाइट' हे प्रदेशाचं नाव आलं. चांगली गोष्ट. पण इतर हक्क वाचायची सवय लागली की माणूस पुढे जातो. याच माल्कम घराण्याचा पैसा जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांतून आलेला, आणि 1848 साली याच इस्टेटीने आरिकोनन गावातली कुळं हुसकावली. गावकऱ्यांनी प्रतिकार केला, काहींना तुरुंगवास झाला. घरांच्या दगडी भिंती आजही उघड्या उभ्या आहेत. प्रदेशाचं नाव कुत्र्याला मिळालं तेव्हा तिथली बरीच माणसं प्रदेशात उरली नव्हती.

याच्या नेमकं उलट एका कुळाचं झालं. स्कॉटलंडच्या सरहद्दीवर हिंडली नावाच्या शेतावर जेम्स डेव्हिडसन कुळाने शेती करायचा आणि टेरियर पाळायचा. 1815 साली वॉल्टर स्कॉट यांची 'गाय मॅनरिंग' कादंबरी आली (इथे 'गाय' हे पुरुषाचं नाव, कादंबरीत गुरं फारशी नाहीत). तिच्यात डँडी डिनमाँट नावाचा शेतकरी आहे आणि त्याच्या सगळ्या कुत्र्यांची नावं मिरी नाहीतर मोहरी: थोरली मिरी, थोरली मोहरी, धाकटी मिरी, धाकटी मोहरी, छोटी मिरी, छोटी मोहरी. लोकांनी ओळखलं, हा तर आपला डेव्हिडसन. झालं, उरलेल्या आयुष्यात त्यालाच सगळे डँडी डिनमाँट म्हणू लागले आणि त्याच्या कुत्र्यांना डँडी डिनमाँटचे टेरियर. कादंबरीतल्या पात्राचं नाव लागलेली कुत्र्याची ही एकच जात. तिचे मान्य रंग आजही दोनच, मिरी आणि मोहरी. कुळाचं नाव लागलं खरं, पण तेही दुसऱ्याने लिहून दिलेलं.

नॉरिच आणि नॉरफोक यांची गोष्ट भावकीच्या वाटणीसारखी आहे, लांबवण्यात अर्थ नाही. एकच जात, काहींचे कान उभे, काहींचे पडलेले. बत्तीस वर्षं एकाच नावाखाली कुरबुर चालली आणि 1964 साली केनेल क्लबने पोटहिस्सा करून दिला: उभ्या कानांना नॉरिच शहर, पडलेल्या कानांना नॉरफोक परगणा.

मग येतात ते ज्यांचा जमिनीशी काही संबंधच नाही. बोस्टन टेरियर बिळात कधी गेला नाही. त्याच्या चाहत्यांनी आधी 'अमेरिकन बुल टेरियर' म्हणून नोंद मागितली, बुल टेरियरवाल्यांनी हरकत घेतली, तेव्हा 1891 साली शहराचं नाव लावून काम भागवलं. तिबेटन टेरियरचा तर या कामाशी दूरचाही संबंध नाही. तिबेटातल्या मठांत आणि तंबूंत पाळायचं ते केसाळ कुत्रं. तिथे ते विकत नसत, भेट म्हणून देत. 1920 च्या दशकात कानपूरला काम करणाऱ्या डॉ. ॲग्नेस ग्रेग यांनी एका तिबेटी व्यापाऱ्याच्या बायकोवर शस्त्रक्रिया केली. कृतज्ञता म्हणून त्यांना एक पिल्लू मिळालं. तिचं नाव बंटी. ग्रेग बाई तिला इथल्या प्रदर्शनात घेऊन गेल्या तेव्हा परीक्षकांना हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते कळेना. आधी 'ल्हासा टेरियर', मग 1930 साली 'तिबेटन टेरियर' म्हणून नोंद झाली. आकार टेरियरएवढा, एवढंच कारण. जगभर आज याच नावाने चालणाऱ्या त्या कुत्र्याचा पहिला फेरफार आपल्या देशातल्या वहीत झाला.

वही चुकली की ती किती दूर जाते ते आपण अलीकडेच पाहिलं. बैलावर कुत्री सोडायचा खेळ इंग्लंडने 1835 साली बंद केला. मग बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून झालेली कुत्री कुंपण घातलेल्या खड्ड्यात एकमेकांवर किंवा उंदरांवर सोडली जाऊ लागली. त्या खड्ड्याचं, 'पिट'चं, नाव पिटबुलला कायमचं चिकटलं. अमेरिकेतल्या एका क्लबाने 1898 साली त्यांची नोंद 'अमेरिकन पिट बुल टेरियर' म्हणून सुरू केली. दुसऱ्या क्लबाला खड्ड्याची आठवण नको होती, म्हणून त्याने 1936 साली तशाच कुत्र्यांना 'स्टॅफर्डशायर टेरियर' म्हणून घेतलं आणि 1972 साली पुढे 'अमेरिकन' जोडलं. अनेक कुत्र्यांची दोन्ही वह्यांत नोंद असे, एकात हे नाव, एकात ते. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालायचं परिपत्रक काढलं, त्यात ही दोन्ही नावं स्वतंत्रपणे होती. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ते परिपत्रक अजून महिन्यातून एकदा येतं, आणि भाचीला दर वेळी सांगावं लागतं की रसेल त्या यादीत नाही.

रसेलच्या कुत्र्यांचे फेरफार तर अजून ताजे आहेत. केनेल क्लबने 1990 साली लांब पायांच्या प्रकाराची 'पार्सन जॅक रसेल' म्हणून नोंद केली, 1999 साली त्यातून 'जॅक' काढला, आणि आखूड पायांच्या मूळ लोकप्रिय प्रकाराला 'जॅक रसेल' या नावाने जागा मिळायला 2016 उजाडलं. तोवर कामाचे टेरियर पाळणारे बरेच जण नोंदीच्या विरोधातच होते. त्यांचं म्हणणं, वहीत गेलं की लोक केस आणि कान बघतात, बीळ कुणी बघत नाही. ज्या दूधवाल्याकडून ट्रम्प आली त्याचं नाव, जाता जाता सांगतो, कुणीही लिहून ठेवलेलं नाही.

इकडे बीळही राहिलं नाही. 2004 च्या हंटिंग ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकडून कोल्ह्याची शिकार बंद झाली. टेरियर बिळात सोडायला आता बंदुकीच्या शिकारीसाठी राखलेले पक्षी वाचवण्यापुरती, तीही अटींसकट, सवलत आहे. ज्या देशी जातींची वर्षाला 300 पेक्षा कमी पिल्लं नोंदली जातात त्यांची केनेल क्लब वेगळी यादी करतो, आणि त्या यादीत सीलीहॅम, स्काय, डँडी डिनमाँट सगळे आहेत. लेक डिस्ट्रिक्टमधला पॅटरडेल टेरियर त्या यादीत नाही, कारण तो केनेल क्लबच्या वहीतच नाही. अल्सवॉटर तळ्याजवळच्या एका खेड्याचं नाव आहे ते. डोंगरातले मेंढपाळ आणि शिकारी तो पिढ्यान् पिढ्या पाळत आलेत, कुणाचं कुत्रं कुणाच्या कुत्रीपासून झालं हे तोंडी सांगतात. कान कसेही असतात, रंग काळा, तांबडा, चॉकलेटी, जो निघेल तो. लंडनच्या वहीत नाव नाही, आणि कुत्री भरपूर आहेत.